बुली

अ‍ॅबट्सफर्ड, ब्रिटिश कोलंबिया
१२ जुलै २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी एक कबुली. आईने मला तुमच्या डोळ्याचं सगळं सांगितलंय. चहा कपात न पडता बशीत ओतला गेला, जिन्याची शेवटची पायरी चुकली, आणि तेव्हापासून तुम्ही संध्याकाळचं मैदानावर जाणं बंद केलंत. सांगितलं म्हणून तिच्यावर डाफरू नका, मीच खोदून खोदून विचारलं. फोनवर तुम्ही ‘बरं चाललंय’च्या पुढे सरकत नाही, म्हणून हे पत्र. यात मला मध्येच तोडता येणार नाही. आणि अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तेव्हा वाचता आलं नाही ही सबब चालायची नाही.

मागे तुम्ही विचारलं होतंत, तुमच्याकडच्या त्या बर्फावरच्या धसमुसळेपणात हॉकी म्हणण्यासारखं असतं तरी काय? तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आज सांगते. बुली असते.

तुमच्या वेळेस सामना बुलीनेच सुरू व्हायचा ना? दोघं समोरासमोर, तीनदा काठीला काठी, की झडप. खडकीत कारखान्याच्या संघाकडून खेळताना बुली तुम्हीच घ्यायचात, हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की मीच तिथे होते असं वाटतं. तुमच्या हॉकीतून ती जवळपास गेली. इथे मात्र अजून जिवंत आहे आणि एका सामन्यात पन्नास-साठदा होते. फेसऑफ म्हणतात तिला. चेंडूऐवजी पक, म्हणजे कॅरमच्या स्ट्रायकरची थोरली बहीण समजा: तीन इंच रुंद, एक इंच जाड, कडक रबराची. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर उसळत नाही. पंच ती दोघांच्या मधोमध टाकतो आणि पापणी लवायच्या आत निकाल लागलेला असतो. ज्याने मागे ओढली त्याच्या संघाकडे पक, दुसऱ्याच्या नशिबी धावाधाव.

याच कामावर जवळजवळ हजार सामने खेळलेला माणूस आमच्या गावात प्रशिक्षक आहे. मॅनी मल्होत्रा. आडनाव बरोबर वाचलंत, वडील पंजाबी, आई क्वेबेककडची फ्रेंच भाषिक. १९८० चा जन्म, टोरांटोशेजारच्या मिसिसागाचा. १९९८ साली एनएचएलच्या, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या हॉकी लीगच्या, संघांनी नवी पोरं निवडली तेव्हा न्यूयॉर्क रेंजर्सने याला सातव्या क्रमांकावर उचललं. अठराव्या वर्षी तो वेन ग्रेट्झ्कीच्या संघात खेळला, तेही ग्रेट्झ्कीच्या शेवटच्या हंगामात. इथे ग्रेट्झ्की म्हणजे आपल्याकडे ध्यानचंद, तेव्हा काय ते समजा.

पण सातव्या नंबरच्या पोराकडून लोक गोल मागतात, आणि गोल काही येईनात. न्यूयॉर्क सुटलं, डॅलसने सोडून दिलं, मग कोलंबसला पाच हंगाम. तिथे त्याने जे कुणाला नको असतं ते काम धरलं: आपल्या गोलसमोरचा फेसऑफ, आणि गडी कमी असताना किल्ला लढवणं. मला विचाराल तर त्याची खरी कारकीर्द इथून सुरू झाली. सबंध कारकिर्दीत ९९१ सामन्यांत ११६ गोल. गोलच मोजायचे तर त्याला कुणी विचारणार नाही.

२०१० मध्ये तो व्हॅंकूवरला आला. त्या संघात सेडीन आडनावाचे जुळे स्वीडिश भाऊ होते, गोल करण्यात आणि करवण्यात पटाईत. प्रशिक्षकाने सरळ हिशेब केला. आपल्या गोलसमोरचा फेसऑफ मल्होत्राने घ्यायचा, समोरच्यांच्या गोलजवळचा आला की सेडीन उतरायचे. दळण एकाने दळायचं आणि पोळ्या दुसऱ्यांनी लाटायच्या. शंभरातले साठाहून अधिक फेसऑफ हा जिंकत होता. त्या हंगामात लीगमध्ये सर्वांत जास्त गुण (केलेले आणि करवलेले गोल मिळून) धाकट्या, डॅनिएल सेडीनचे झाले आणि संघ साखळीत पहिला आला. कौतुक जुळ्यांचं झालं, ते रीतीप्रमाणेच.

१६ मार्च २०११. कोलोराडोविरुद्ध घरच्या मैदानावरचा सामना. पक उसळून थेट त्याच्या डाव्या डोळ्यावर. चेहऱ्यावर काच नव्हती. तेव्हा ती सक्तीची नव्हती, आणि जुन्या खेळाडूंना काच म्हणजे नाजूकपणा वाटायचा (तुम्ही स्कूटरवर हेल्मेट न घालता जायचात, त्यातलाच प्रकार). शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. हंगाम संपला, असं संघाने जाहीर करून टाकलं.

४ जूनला तो परत बर्फावर उतरला. स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीचा दुसरा सामना, समोर बॉस्टन. मी तेव्हा नवीनच आले होते, हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. व्हॅंकूवरशेजारच्या सरेला मैत्रिणीकडे टीव्ही चालू होता. एक खेळाडू चेहरा पूर्ण झाकणारं शिरस्त्राण घालून आत आला आणि सबंध स्टेडियम उभं राहिलं. गोल नाही, काही नाही, नुसता आला म्हणून. मैत्रिणीची पंजाबी सासू पदराने डोळे पुसत होती. मी विचारलं, हा कोण? ‘आपणा मुंडा’, आपला पोरगा, ती म्हणाली.

तो सामना जिंकला, पण कप बॉस्टनने नेला. सातवा सामना हरल्यावर व्हॅंकूवरात लोकांनी गाड्या जाळल्या, ते तुम्ही बातम्यांत पाहून घाबरून फोन केला होतात.

डाव्या डोळ्याची बरीचशी नजर गेली ती गेलीच. एका डोळ्याने दिसतं सगळं, पण अंतर नीट कळत नाही. परवा मी करून पाहिलं. एका डोळ्यावर हात धरला आणि चहा ओतला. अर्धा ओट्यावर. दुसऱ्यांदा किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवली आणि मग ओतला, एक थेंब सांडला नाही. आईला हे दाखवा, मी शोधलं म्हणून सांगा.

२०१३ च्या फेब्रुवारीत, नऊच सामने झाल्यावर, व्हॅंकूवरने त्याला बसवलं. याला अशा नजरेने खेळवणं धोक्याचं, एवढंच कारण. त्याच वर्षी लीगने नव्या खेळाडूंना काच सक्तीची केली. हा बत्तीस वर्षांचा. घरी बसला असता तर कुणी नावं ठेवली नसती. पण शरद ऋतूत तो अमेरिकेतल्या शार्लटला गेला, खालच्या लीगमध्ये, चाचणीवर. बारा-पंधरा वर्षं वर खेळलेला माणूस वीस वर्षांच्या पोरांबरोबर ‘बघा, जमतंय का’ म्हणत उभा राहिला. महिन्याभरात कॅरोलायनाने वर बोलावलं, पुढच्या वर्षी मॉन्ट्रियलने. फेसऑफ तो तसेच जिंकत राहिला.

हजार सामने झाले की खेळाडूला चांदीची काठी देण्याची इथे पद्धत आहे. याचे ९९१. नऊ कमी पडले. मला त्या नवाचं अजून वाईट वाटतं, त्याला वाटतं का कुणास ठाऊक.

मग तो शिकवायला लागला. आधी व्हॅंकूवर, मग टोरांटो, आणि गेल्या वर्षी आमच्या अ‍ॅबट्सफर्डच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक. खालची लीग, पण तिचा काल्डर कप यंदा २३ जूनला आमच्या पोरांनी जिंकला. तोही शार्लटला, शार्लटच्याच संघाला हरवून! संघात सरेचा अर्शदीप बैन्स आहे. त्या रात्री साऊथ फ्रेझर वेवर हॉर्न वाजवत गाड्या फिरत होत्या. आमचे चिरंजीव खिडकीतून अर्धे बाहेर. यंदा त्यांना नवे स्केट्स हवेत. नव्या जोडीची किंमत तुम्हाला सांगत नाही, जुनी बघतोय.

पोराच्या कोचने त्याला सेंटरला घातलंय. फेसऑफ घ्यायचा, आणि एकही जिंकत नाही. त्याची तक्रार अशी की पक पडताना दिसतच नाही. कोच म्हणतो पंचाच्या हाताकडे बघ, बाप म्हणतो पककडे बघ. मी म्हटलं, थांब, आजोबांना विचारते. बुलीत तुम्ही चेंडूकडे बघायचात, की समोरच्याच्या मनगटाकडे? रविवारी फोन करतो तो, तुमच्या संध्याकाळी साडेसहाला. तेव्हा मैदानावर असाल तर मोबाइल बरोबर ठेवा.

थेंब दिवसातून दोनदा, विसरायचे नाहीत. आईला नमस्कार.

तुमची,
ताई