आजीच्या डब्यातलं नाणं वाचून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव घालू नकोस म्हणालात, ते पाळते. पण आजीच्या दागिन्यांच्या डब्यातलं ते सोन्याचं नाणं आज शाबूत आहे ते तुमच्यामुळे, हे चार लोकांना कळायलाच हवं.

आजी गेल्यावर वाटणीची वेळ आली तेव्हा त्या नाण्याला आमच्या घरात नावही नव्हतं. वर डाग देऊन बसवलेली कडी, म्हणून ते कधीतरी कुणाच्या तरी गळ्यात असणार, एवढाच अंदाज. एका बाजूला कमळ, दुसरी बाजू साफ कोरी. सोनाराने वजन केलं, पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरलं. सोनं चांगलं आहे, आटवून तिघांत वाटा, असं तो म्हणाला. त्याच्या धंद्याच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. तेवढ्यात आईला तुमची आठवण झाली.

तुम्ही आल्या आल्या नाणं उचललं नाहीत. आधी मऊ कापड पसरलंत, खोलीतला मोठा दिवा बंद करायला लावलात आणि विजेरी बाजूने तिरकी धरलीत. उजेड आडवा पडला आणि इतके दिवस नुसत्या खाचा वाटत होत्या त्यांना कडा फुटल्या. मधलं कमळ वेगळ्या ठशाने ठोकलेलं, भोवतीची प्रत्येक खूण वेगळ्या ठशाने. म्हणून नाणं बत्ताशासारखं खोलगट झालेलं, एक ठसा दुसऱ्यावर चढलेला, एक अर्धा काठाबाहेर गेलेला. शंख दाखवलात, श्री दाखवलात, आणि मग काडीचं टोक नाण्याला न लावता वरूनच फिरवत आमच्याकडून अक्षरं वाचून घेतलीत: श्री, रा, म.

आईने हात जोडले. तेव्हा तुम्ही म्हणालात, "वहिनी, हा देव नव्हे, राजा आहे. देवगिरीचा रामचंद्रदेव यादव." पाठ कोरी आहे म्हणजे खोटं असणार, ही मामाची शंकाही तुम्ही तिथेच मिटवलीत. यादवांच्या पद्मटंकाची, म्हणजे कमळाच्या ठशाच्या अशा सोन्याच्या नाण्याची, पाठ कोरीच असते. तरीही नुसत्या नजरेवर विसंबला नाहीत. बारीक काट्यावर नाणं आधी कोरडं तोललंत, मग दोऱ्याने पाण्यात टांगून तोललंत. पाण्यात वजन जेवढं घटलं त्याने मूळ वजनाला भागायचं. शुद्ध सोन्याला उत्तर 19.3 येतं, मिसळ असेल तसं ते खाली येतं. कडी आणि तिचा डाग धरूनही आपलं उत्तर सोन्याच्याच घरात आलं. ओतीव नकलेवर बारीक छिद्रं दिसतात आणि ठशांच्या कडा बोथट असतात, हे भिंगातून आम्हा प्रत्येकाला पाहायला लावलंत. हे सगळं तुम्ही दोन वाक्यांत उरकू शकला असतात, पण मामाच्या मनात किंतू राहू नये म्हणून इतका वेळ दिलात.

त्या दिवशी आई जे बोलली ते तुम्ही निघाल्यावर बोलली, म्हणून इथे सांगते. ती दरवर्षी ज्ञानेश्वरीचं पारायण करते. 1290 साली पूर्ण झालेल्या त्या ग्रंथाच्या शेवटी ज्या यादव राजाचं नाव येतं, तोच हा रामचंद्र. ती ओवी तिला पाठ आहे. पण त्याच राजाच्या नावाचं सोनं आपल्या कपाटात आहे, ही गोष्ट तिला रात्रभर झोपू देईना. रामचंद्राने 1271 ते 1311 राज्य केलं. त्यातच 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि अमाप सोनं घेऊन गेला. त्या लुटीतून आणि नंतरच्या कितीतरी मुशींमधून वाचलेलं हे नाणं आपल्याच घरात आटवलं जाणार होतं. तुम्ही आला नसतात तर आम्हाला कळलंही नसतं.

तुमच्या सूचना सगळ्या पाळल्या आहेत. उजाळा दिलेला नाही, चिंच-रिठा काही लावलेलं नाही, कडीही काढलेली नाही. कडी हाही त्या नाण्याचा इतिहास आहे, हे तुमचं म्हणणं मला फार पटलं. दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजनाची नोंद करून ठेवली आहे. मामेभाऊ परदेशात असतो, त्याला ते हवं होतं. 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी आपल्याला देशाबाहेर नेता येत नाहीत, हे तुम्ही सांगितलंत म्हणून पुढचा घोळ टळला. तो समजूतदार आहे, त्याने ऐकलं.

आणखी एक. तुम्ही स्वतः आयुष्यभर नाणी जमवलीत आणि यादवांचं नाणं तुमच्या संग्रहात नाही, हे मला नंतर तुमच्या मुलीकडून कळलं. तरी तुम्ही किंमत काढली नाहीत. "विकायचं ठरलंच तर माझ्याकडे येऊ नका, दोन जाणकारांकडून भाव घ्या," असं म्हणालात आणि चहा घेऊन निघालात. काका, या वागण्यासाठी मी तुमची ऋणी आहे.

नाणं विकायचं नाही असं ठरलंय. सध्या ते आईकडे राहील. दिवाळीत मामेभाऊ येतोय, त्याला तुमच्याकडे घेऊन येते. विजेरी तो स्वतः धरणार म्हणतो.

आपली,
तुम्हाला अजून पुष्कळ प्रश्न विचारायचे असलेली पुतणी