चुंबक गिळल्यावर केळी भरवत थांबू नका

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मुलाने नाणे, मणी किंवा बटण गिळले की त्याला केळी भरवायची आणि पुढचे दोन-तीन दिवस शी तपासत राहायची, हा आपल्याकडचा घरोघरी चालत आलेला उपाय आहे. नाणे जठरात उतरले असेल तर बहुतेक वेळा ते खरोखरच आपोआप पडून जाते, त्यामुळे लोकांचा या उपायावर विश्वास बसला यात नवल नाही. परंतु शक्तिशाली चुंबकांच्या बाबतीत हाच विश्वास मुलाच्या जिवावर बेतू शकतो, आणि बालशल्यचिकित्सक या नात्याने याकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधणे मला अत्यंत निकडीचे वाटते.

निओडायमियम, लोह आणि बोरॉन यांपासून बनणारी ही चुंबके १९८०च्या दशकात विकसित झाली. आज ती मटाराच्या दाण्याहूनही लहान, चकचकीत गोळ्यांच्या रूपात ऑनलाइन सहज मिळतात. साधारण ५ मिलिमीटर व्यासाच्या २१६ गोळ्यांचा चौकोनी ठोकळा ‘मनावरचा ताण घालवण्याचे साधन’ म्हणून मोठ्यांसाठी विकला जातो आणि घरात आल्यावर अर्थातच मुलांच्या हाती पडतो. त्यातल्या दोन-तीन गोळ्या कमी झाल्या तरी कोणाच्या लक्षात येत नाही. लहान मुले त्या गोड गोळ्या समजून तोंडात टाकतात. दहा-बारा वर्षांची मुले जिभेच्या वर आणि खाली एकेक गोळी चिकटवून दागिना टोचल्याचा आव आणतात आणि हसता-बोलताना त्या गिळून बसतात.

एकच चुंबक गिळले तर ते बहुधा त्रास न देता बाहेर पडते. धोका दोन किंवा अधिक चुंबकांचा, अथवा एका चुंबकासोबत लोखंडी वस्तू गेल्यास तिचा असतो, विशेषतः ती थोड्या थोड्या अंतराने गिळली गेली असतील तेव्हा. लहान आतड्याची वेटोळी पोटात एकमेकांना लागून असतात. एका वेटोळ्यातले चुंबक शेजारच्या वेटोळ्यातल्या चुंबकाला ओढून घेते आणि मध्ये सापडलेल्या आतड्याच्या दोन भिंती चिमटल्या जातात. तेथील रक्तपुरवठा थांबतो, भिंत मरू लागते, पुढे छिद्र पडते आणि आतड्यातले पदार्थ पोटाच्या पोकळीत सांडून जंतुसंसर्ग पसरतो. कधी दोन वेटोळ्यांमध्ये भलतीच वाट तयार होते, तर कधी चिकटलेल्या जागेभोवती आतड्याला पीळ बसून त्याचा मोठा भाग काळा पडतो. तो भाग कापून काढावा लागला, तर उरलेले आतडे पुरेसे अन्नशोषण करू शकत नाही आणि मुलाला दीर्घकाळ शिरेतून पोषण द्यावे लागू शकते.

हे सारे घडत असताना पहिले काही तास, क्वचित काही दिवसही, मूल खेळत असते. नंतर होणाऱ्या उलट्या आणि पोटदुखी अपचनाच्या वाटतात, आणि चुंबक गिळल्याचे मोठ्या मुलांनी भीतीने लपवलेले असते. एक्स-रेमध्ये एकमेकांना चिकटलेल्या गोळ्या एकच वस्तू असल्यासारख्या दिसू शकतात, म्हणून समोरून आणि बाजूने असे दोन्ही एक्स-रे काढणे आवश्यक आहे. दोन गोळ्यांमध्ये बारीक फट दिसली तर तेथे आतड्याची भिंत अडकल्याची शंका घ्यावी. चुंबक पोटात असण्याची शक्यता असताना एमआरआय मात्र कदापि करू नये.

चुंबके जठरात असेपर्यंत दुर्बिणीने काढता येतात, पण ती पुढे सरकली की ही सोपी संधी बहुधा निसटते. म्हणूनच केळी भरवत बसणे दुहेरी घातक आहे. त्यात वेळ जातो, शिवाय भरल्या पोटी भूल देणे धोक्याचे असल्याने उपचार आणखी लांबतो.

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने मे २०२१ मध्ये याबाबत सावधगिरीची सूचना काढली, तेव्हा आधीच्या तीन वर्षांत किमान ६५ मुलांना तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल करावे लागल्याचे नमूद केले होते. अमेरिकेत अशा चुंबक-संचांवर निर्बंध घालणारा २०१४ सालचा नियम न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केला आणि त्यानंतर अशा घटना पुन्हा वाढल्या. २०२२ च्या नव्या नियमाने मनोरंजन, दागिने वा ताणमुक्तीसाठी विकली जाणारी चुंबकेही कक्षेत घेतली. आपल्याकडे खेळण्यांच्या गुणवत्तेविषयीचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि त्यातील मानकात चुंबकांच्या शक्तीवर मर्यादाही आहे, परंतु तो १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांपुरता आहे. वेष्टनावर ‘प्रौढांसाठी’ असे छापले की हीच वस्तू त्या आदेशातून सुटते. भारतीय मानक ब्युरो आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण यांनी ही पळवाट बंद करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

तोवर पालकांनी हे संच घरात आणू नयेत. मुलाने चुंबक गिळल्याची नुसती शंका आली तरी त्याला काहीही खाऊपिऊ न घालता त्याच दिवशी, रात्र असली तरी, एक्स-रे आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि घरात उरलेली त्याच संचातली एखादी गोळी डॉक्टरांना दाखवण्यासाठी सोबत ठेवावी. मुलाला मात्र रागावू नये, कारण एकूण किती गोळ्या आणि केव्हा गिळल्या, हे डॉक्टरांना त्याच्याकडूनच कळणार असते.

आपला,
एक बालशल्यचिकित्सक, नाशिक