इराणच्या प्राचीन कालव्यांचा अभ्यास आणि कोल्हापूरचे जुने पाणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्राचीन इराणच्या जलव्यवस्थेवर गेल्या काही दशकांत पुरातत्त्वज्ञांनी जे मोलाचे काम केले आहे, त्याची दखल मराठीत फारशी घेतली गेलेली नाही. ज्या शहराच्या नावाने बंधाऱ्याचा एक प्रकारच ओळखला जातो, त्या कोल्हापुरात तरी ती घेतली जावी, या इच्छेने हे पत्र लिहीत आहे. पाटबंधाऱ्याच्या कामातच माझी सारी नोकरी झाली असल्यामुळे या विषयाबद्दल मला वाटणारी आस्था वाचक समजून घेतील.

इराणच्या नैर्ऋत्येकडील शुश्तर येथे कारून नदीचे पाणी मीझान नावाच्या बांधाने विभागून गरगर या कालव्यात वळवलेले आहे. खडकात खोदलेल्या बोगद्यांतून हे पाणी शहराखाली येते, तेथे पूर्वी त्यावर पाणचक्क्या चालत, आणि पुढे ते दक्षिणेकडील मैदानातील शेतीला मिळते. या कामाची सुरुवात इराणचा सम्राट पहिला दारयवहू (डरायस) याच्या काळात, म्हणजे इ.स.पूर्व ५ व्या शतकाच्या सुमारास झाली, असे मानतात. युनेस्कोने २००९ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

परंतु मला अधिक विलक्षण वाटते ती कनात नावाची भूमिगत कालव्यांची पद्धत. डोंगराच्या पायथ्याशी भूजलापर्यंत एक खोल मुख्य विहीर घ्यायची आणि तिच्या तळापासून गावाकडे इतक्या अल्प उताराचा बोगदा काढायचा, की पाणी वाहते राहावे पण बोगद्याचा तळ कापला जाऊ नये. कोणतेही यंत्र किंवा मोट न लावता ते पाणी आपोआप उघड्यावर येते. खुरासानमधील गुनाबादच्या कनातीची मुख्य विहीर ३०० मीटरच्या आसपास खोल असून बोगद्याची लांबी सुमारे ३३ किलोमीटर आहे. बोगद्याच्या मार्गावर थोड्याथोड्या अंतराने उभ्या विहिरी असतात. त्यांतून माती वर काढता येते आणि खाली हवा मिळते. वर काढलेली माती तोंडाभोवती कड्यासारखी रचली की पावसाचा लोंढा आत शिरत नाही. खोदणारे कारागीर मागे तेलाचे दोन दिवे ठेवून त्यांच्या रेषेत पुढे सरकत आणि दिवा मंदावला की हवा दूषित झाल्याचे ओळखून बाहेर पडत. आजच्या पातळीयंत्रांवर काम केलेल्या माणसाला त्या कौशल्याची खरी किंमत कळते.

अशा बांधकामाचा काळ ठरवणे मात्र फार अवघड असते. बोगद्यातील गाळ वेळोवेळी काढावा लागतो, त्यामुळे जुना पुरावाही त्या गाळाबरोबरच निघून जातो. म्हणून संशोधकांनी विहिरींच्या तोंडाभोवतीच्या मातीच्या ढिगांकडे लक्ष वळवले. त्या मातीतील वाळूचे कण शेवटचे केव्हा उन्हात होते, हे प्रयोगशाळेत मोजता येते आणि त्यावरून खोदकामाचा अंदाज बांधता येतो. नांगरटीखाली आणि वस्तीखाली गेलेल्या विहिरींच्या रांगा शोधण्यासाठी १९६० च्या दशकातील अमेरिकी हेरगिरी उपग्रहांची, १९९५ मध्ये खुली झालेली छायाचित्रे कामी येतात. कनातीचे मूळ इराणातलेच, हा समजही आता निर्विवाद राहिलेला नाही. संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन परिसरात असे भूमिगत पाट सुमारे ३००० वर्षांपूर्वीचे असल्याचे उत्खननातून पुढे आले आहे.

या सगळ्या संशोधनात सर्वांत मौल्यवान काय, असे मला विचाराल तर मी इजिप्तच्या खारगा मरूद्यानातील ऐन मनावीरचे नाव घेईन. इराणी साम्राज्याच्या अमलाखाली, इ.स.पूर्व ५ व्या शतकात, तेथे कनाती खोदल्या गेल्या आणि त्यांच्या पाण्यावर एक गाव वसले. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना त्या गावात शाईने लिहिलेले शेकडो खापराचे तुकडे मिळाले. त्यांवर व्यवहारांच्या नोंदी आहेत आणि त्यांत पाण्याचा हक्क दिवसांच्या मापाने विकला आणि वाटला जात असल्याचे दिसते. आपल्या उपसा सिंचन संस्थेचे पाळीपत्रक, म्हणजे कोणाला केव्हा पाणी याचा तक्ता, ज्याने हाताळला आहे, त्याला त्या नोंदी परक्या वाटणार नाहीत. नुसता बोगदा सापडला असता तर अभियांत्रिकी समजली असती. खापरांमुळे पाण्याचा धनी कोण आणि त्याचा वाटा किती, हेही समजले. इराणच्या खेड्यांत तर पाण्याची पाळी तळाला भोक असलेले तांब्याचे भांडे पाण्यात बुडण्यास लागणाऱ्या वेळेवर अलीकडच्या काळापर्यंत मोजली जात होती. आपले घटिकापात्र ते हेच.

ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो, की कोरड्या जमिनीवर पाणी आणणाऱ्याला इराणी राज्यकर्ते पाच पिढ्या ती जमीन कसण्याचा हक्क देत. त्यामुळे लोकांनी मोठा खर्च सोसून दूरवरून भूमिगत पाट आणले. पण पुढे तो असेही नोंदवतो, की त्याच्या काळात ते पाणी वापरणाऱ्यांना ते कोठून येते हे ठाऊक नव्हते.

दख्खनला ही विद्या अपरिचित नव्हती. बिदर आणि विजापूरचे भूमिगत पाट, मलिक अंबरने औरंगाबादेत आणलेली नहर आणि बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा यांवर अभ्यास झालेला आहे. कोल्हापुरातही कात्यायनी आणि कळंब्याच्या बाजूने उताराने शहरात पाणी आणण्याची जुनी व्यवस्था होती, आणि मंगळवार पेठेतील पाण्याचा खजिना आजही त्या नावाने ओळखला जातो. तो कनातीचा प्रकार होता असा माझा दावा नाही. पण त्या मार्गाची शास्त्रीय मोजणी होऊन नकाशा लोकांसमोर यायला हवा. रस्त्यांची, गटारांची आणि केबलची खोदाई सतत चालू असते आणि जुने दगडी किंवा खापरी काम लागले तरी ते नोंद न होता भरावात जाते. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननाने या शहराचा दोन हजार वर्षांचा इतिहास उजेडात आणला. तीच दृष्टी आता पाण्याच्या वाटांना लावली पाहिजे.

शिवाजी विद्यापीठातील इतिहास आणि भूगोलाच्या अभ्यासकांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ही मोजणी करावी आणि खोदाईचा परवाना देताना जुन्या बांधकामाचे छायाचित्र व जागेची नोंद बंधनकारक व्हावी. शिवाय गावोगावच्या पाणीपुरवठा संस्थांकडे असलेली जुनी पाळीपत्रके आणि पाणीपट्टीच्या वह्या रद्दीत न घालता कोल्हापूरच्या पुराभिलेखागाराकडे सोपवाव्यात, असे आवाहन आपल्या दैनिकाने करावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पाटबंधारे अभियंता,
कोल्हापूर