हेक्टरी मदत सातबाऱ्याला मिळाली, मक्त्याने कापूस करणाऱ्याचे काय?

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सविनय नमस्कार.

२०२३च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनचे भाव पडले, म्हणून राज्य शासनाने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अर्थसाहाय्य जाहीर केले. तरतूद ४,१९४ कोटींची होती. ३० सप्टेंबर २०२४पासून पैसे खात्यांवर जमा होऊ लागले. उशिरा आले, पण आले, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कोरडवाहू गावांना त्यांचा आधार झाला. मात्र पाच एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस, मक्त्याने, म्हणजे दुसऱ्याचे शेत ठरलेल्या रकमेवर घेऊन, करणाऱ्याच्या हक्काचा त्यात एक रुपयाही नव्हता. हे पत्र त्याच्यासाठी आहे.

आमच्याकडे अनेक शेतांचे मालक नोकरीमुळे यवतमाळला, नागपूरला राहतात. शेत करतो गावातला भूमिहीन, नाहीतर एक-दोन एकरवाला. मक्त्याची रक्कम बहुतेकदा पेरणीआधीच मोजावी लागते. मग सरकी, खत, डवरणी, निंदण, फवारणी, वेचणी, सारा खर्च त्याचा. सातबारा नावावर नाही, म्हणून बँक पीककर्ज देत नाही. कृषी केंद्राची उधारी आणि सावकार एवढेच उरते. बोंडअळी आली तर तो बुडतो, भाव पडला तरी तोच बुडतो. पण भाव पडल्याबद्दलची मदत मालकाच्या खात्यात जाते. ई-पीक पाहणीचा, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद करण्याचा, फोटो काढायला पऱ्हाटीत उभा राहिलेला माणूसही कित्येकदा हाच होता, साहेब. नोंद झाली मालकाच्या गटावर.

काही मालकांनी ते पैसे आपणहून त्याला दिले. सगळेच मालक सधन असतात असेही नाही. नवरा गेल्यावर तीन एकर मक्त्याने देऊन घर चालवणारी बाईही मालकच आहे. तिच्या तोंडचे काढून घ्या असे मी म्हणत नाही. पिकाच्या नुकसानीची मदत पीक करणाऱ्याला मिळावी, एवढेच म्हणतो.

हा व्यवहार तोंडी का राहतो, हे आपल्या खात्याला ठाऊक आहे. लिहून दिले तर उद्या कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही मालकाची भीती. विदर्भाचा कूळ कायदा १९५८चा. ज्या कायद्याने कसणाऱ्याला जमीन मिळायची, त्याच्याच धाकाने आज कसणाऱ्याचे नाव कागदावर येत नाही. पीक विमा भाडेपट्ट्याने शेती करणाऱ्यालाही आहे, पण त्यासाठी नोंदणीकृत करार लागतो, आणि तो करून द्यायला मालक तयार नसतो. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या एक लाखाच्या मदतीतही जमीन त्याच्या किंवा घरातल्या कुणाच्या नावावर असावी लागते. म्हणजे मेल्यावरही तो शेतकरी ठरत नाही.

आता शेतकरी ओळख क्रमांक आला आहे. तोही सातबाऱ्यावरच्या नावाला जोडलेला, आणि कृषी योजनांसाठी सक्तीचा. पुढची प्रत्येक मदत याच क्रमांकावरून वाटली जाणार असेल, तर मक्त्याने करणारा कायमचाच बाहेर राहील. घाई आहे ती यामुळे.

आंध्र प्रदेशाने २०१९मध्ये पीक कसणाऱ्यांच्या हक्कांचा कायदा केला. ११ महिन्यांचा करार, मालकी हक्काला धक्का नाही, आणि कसणाऱ्याला कार्ड. त्या कार्डावर पीककर्ज, विमा आणि नुकसानभरपाई. तिथेही मालक सह्या द्यायला कचरतात, अंमलबजावणीत अडचणी आहेत. तरी कायद्याने कसणाऱ्याला ओळखले तरी. आपल्याकडे तेवढेही नाही.

येत्या खरिपाच्या पेरणीआधी असाच हंगामापुरता करार इथे मान्य करा. त्यावरून कूळहक्क लागणार नाही, हे कायद्यातच स्पष्ट लिहा. करार तलाठी कार्यालयात साध्या अर्जावर, शुल्काशिवाय नोंदवता यावा. ई-पीक पाहणीत मालकाच्या नावाशेजारी कसणाऱ्याचे नाव आणि बँक खाते भरायची सोय द्या. आणि यापुढे भावफरकाची किंवा हेक्टरी मदत जाहीर कराल, तेव्हा ती कुणाच्या खात्यात जाणार हे शासन निर्णयातच लिहा.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एक कापूस उत्पादक