बाबा, हो, मी जामीन राहिले

शिकागो,
२७ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

आईच्या तोंडून निसटलं आणि तुम्हाला कळलं. फोनवर तुम्ही एवढंच म्हणालात, "जामीन राहायचं नसतं, हे तुला सांगायला लागावं?" आणि फोन आईकडे दिलात. पुढे आई गुडघ्याबद्दल बोलत राहिली, पण मागे तुम्ही येरझाऱ्या घालताय ते ऐकू येत होतं. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. तुमचा जन्म कागद वाचण्यात गेला, म्हणून कागदावरच सांगते.

हो, आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या ग्रीन कार्डासाठी मी जामीन राहिले. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असतात आणि मग तुमचा शब्द मोडून मी सही केली असती. त्यापेक्षा हे बरं.

पतसंस्थेचं प्रकरण मी विसरलेले नाही. कर्ज घेणारे तुमचे दोस्त बदली करून घेऊन निघून गेले, हप्ता तुमच्या पगारातून कापला जायला लागला, आणि आईच्या पाटल्या गेल्या त्या गेल्याच. म्हणून आय-८६४ नावाचा हा फॉर्म मी तुमच्याच पद्धतीने वाचला. बारीक अक्षर आधी, मोठं नंतर, सही सगळ्यात शेवटी. त्यात काय आहे ते खाली लिहिते. पण आधी ती कोण, ते.

तिचं नाव इथे लिहीत नाही. तुम्ही पत्राचा फोटो काढून काकांना पाठवणार, काका तो ग्रुपवर टाकणार. आई तिला धाकट्याच्या बाळंतपणापासून ओळखते. आम्ही वरच्या मजल्यावर, ती खालच्या. त्या बर्फात आईला डिंक आणि अळीव हवे झाले, तेव्हा हिनेच गाडी काढून तिला डेव्हन अव्हेन्यूला नेलं होतं. आई मराठीत बोलते, ती स्पॅनिशमध्ये, आणि दोघी पिशव्या भरून परत. तेव्हा मलाही तिची पूर्ण हकीगत माहीत नव्हती.

ती मेक्सिकोतल्या मिचोआकानची. १९९४ मध्ये, चार वर्षांची असताना, मामाच्या खांद्यावर बसून रात्री ॲरिझोनाची सीमा ओलांडून आली. आई-वडील आधीच इकडे होते. शाळेत कुणी कागद विचारले नाहीत. १९८२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून इथल्या सरकारी शाळेला कागद नाहीत म्हणून मूल परत पाठवता येत नाही. शाळा झाली, बक्षिसं मिळाली, आणि सोळाव्या वर्षी मैत्रिणी गाडीचं लायसन्स काढायला निघाल्या तेव्हा हिच्या आईने हिला स्वयंपाकघरात बसवून सांगितलं की तुझ्याकडे सोशल सिक्युरिटीचा सरकारी नंबरच नाही.

पुढे १५ जून २०१२ ला ओबामांच्या सरकारने एक सवलत आणली. तिचं आद्याक्षरांचं नाव 'डाका' होतं (हसू नका). सोळा वर्षांच्या आत आलेले, त्या दिवशी एकतीस पूर्ण न झालेले, २००७ पासून सलग इथे राहिलेले, शिकलेले किंवा शिकत असलेले, गंभीर गुन्हा नसलेले, अशांना दोन वर्षं हद्दपार करणार नाही आणि काम करायला परवानगी देऊ, एवढंच. दर दोन वर्षांनी नवा अर्ज, नवी फी, पुन्हा बोटांचे ठसे. हक्क कसलाच नाही. २०१७ च्या सप्टेंबरात ट्रम्प सरकारने ती बंद करतो म्हणून जाहीर केलं, २०२० च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ते रद्द ठरवलं, २०२१ मध्ये टेक्सासच्या न्यायाधीशाने नवे अर्ज थांबवले. तिचा जुना होता, म्हणून ती नूतनीकरण करत राहिली. परवाना संपायला चार-पाच महिने उरले की ती बोलायची कमी, हे मी दर खेपेला पाहिलंय.

आता तुमचा मुद्दा. "आपली माणसं वर्षानुवर्षं रांगेत उभी आणि हे मधून घुसले." नेपरव्हिलच्या जोशांची मुलगी इथेच वाढली, पण एकवीस पूर्ण झाली की वडिलांच्या व्हिसावरून तिचं नाव उतरणार, हे खरंच आहे. 'डाका'सुद्धा तिला मिळाला नसता, कारण तो फक्त कागद नसलेल्यांना होता. अन्याय आहे. पण तो एका देशाला वर्षाला अमुक टक्केच ग्रीन कार्डं या नियमाने केलाय, खालच्या मजल्यावरच्या बाईने नाही. आणि तिच्यासाठी रांग नव्हतीच, बाबा. उभं राहायला जागाच नाही, तर मधे घुसणार कुठून?

तुम्ही कूळ कायद्यातल्या ३२ग च्या केसेस हाताळल्यात. जमीन दोन पिढ्या कसतोय एक, सातबारावर नाव दुसऱ्याचं. तुम्हीच सांगायचात की नाव नाही म्हणून माणूस नाही असं होत नाही, चौकशी करावी लागते. तुम्ही म्हणाल, कूळ वेगळं आणि अतिक्रमण वेगळं. मान्य. पण चार वर्षांच्या पोराने अतिक्रमण केलं, असा पंचनामा तुम्ही तरी केला असता का?

तिचं लग्न २०१९ मध्ये झालं. नवरा इथे जन्मलेला, अमेरिकन नागरिक. लग्न झालं म्हणजे कागद झाले असं मलाही वाटलं होतं. तसं नाही. व्हिसावर येऊन मुदत संपल्यावर राहिलेल्याला नागरिकाशी लग्न झाल्यावर इथल्या इथे अर्ज करता येतो. सीमा चालत ओलांडलेल्याला नाही, कारण त्याची आत येताना नोंदच नाही. त्याने मायदेशी जाऊन अर्ज करायचा. आणि अठरा पूर्ण झाल्यावर वर्षभर विनापरवाना राहून देश सोडला, की १९९६ च्या कायद्याप्रमाणे दहा वर्षं परत यायचं नाही. तिची अठरानंतरची, 'डाका'च्या आधीची चार वर्षं तशी गेलेली. म्हणजे अर्ज करायला बाहेर जावं लागेल, आणि बाहेर गेलं की दार बंद.

वाट निघाली ती तिच्या आजीमुळे. 'डाका' असलेल्याला घरातल्या आजारपणासारख्या कारणासाठी आधी परवानगी काढून बाहेर जाता येतं आणि परत येताना विमानतळावर रीतसर नोंद होते. ती नोंद मिळाली की 'आत येताना नोंद नाही' हा अडसर जातो. आणि अशी परवानगी घेऊन गेलेल्याला ते दहा वर्षांचं कलम लागत नाही, हे २०१२ च्या एका निकालात ठरलं. तो खटला कुणाचा होता माहीत आहे? एका भारतीय जोडप्याचा. म्हाताऱ्या आई-वडिलांना बघायला ते इथून परवानगी काढून भारतात जाऊन आले होते. तिच्या वकीलबाईंनी हे सांगितलं तेव्हा मी मनात तुमच्याकडे पोचले.

परवानगीची ही सोयही २०१७ ला बंद पडली होती, ती २०२० च्या डिसेंबरात परत चालू झाली. मग कोविड, मग पैसे. गेल्या वर्षी आजी फार आजारी झाली तेव्हा अर्ज मंजूर झाला. डॉक्टरांचं पत्र मिचोआकानहून आलं होतं, त्याचं भाषांतर, भाषांतर करणाऱ्याची सही, सगळं आमच्या जेवणाच्या टेबलावर. ऑगस्टमध्ये ती मेक्सिकोला जाऊन आली. आजीला ओळख पटली नाही, मामाला पटली. परत येताना ओहेअर विमानतळावर तिला आतल्या खोलीत बसवून ठेवलं, आणि मी बाहेर गाडीत. वकीलबाईंचा नंबर मनगटावर पेनाने लिहून गेली होती ती. बाहेर आली आणि आधी पासपोर्ट उघडून तो शिक्का दाखवला. हिरवटसर, जरा तिरका पडलेला, बाबा, तुम्ही असता तर शिपायाला झापलं असतं.

पुढचं काम माझ्या आवडीचं. लग्न खरं आहे हे सिद्ध करायचं. भाडेकरार, दोघांच्या नावाचं बँक खातं, गॅसची बिलं, आणि फोटो. आई, लग्नाच्या फोटोत तू मोरपिशी इरकल नेसून नवरीच्या शेजारी उभी आहेस, हातात अक्षतांची वाटी. त्यांच्याकडे अक्षता टाकत नाहीत हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. तो फोटो मी सगळ्यात वर ठेवला. आता तू अमेरिकन सरकारच्या फाइलमध्ये आहेस. १ एप्रिल २०२४ पासून फी वाढणार होती, म्हणून मार्चमध्येच अर्ज टाकला.

आता जामीनकीचं. नवऱ्याने नोकरी सोडून वायरिंगचं स्वतःचं काम सुरू केलेलं, ती नर्सिंग पूर्ण करायला घरी. दोघांच्या कुटुंबाला यंदा २५,५५० डॉलरचं वार्षिक उत्पन्न दाखवावं लागतं. टॅक्स रिटर्नवर तेवढं दिसेना. अशा वेळी दुसरा कोणी, नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला, जोडीने सही करू शकतो. तिच्या घरात अशी सही करू शकणारं कोणी नाही.

अटी अशा: ती सरकारी मदतीवर जगायला लागली, तर सरकार तो खर्च माझ्याकडून वसूल करू शकतं. तिचा घटस्फोट झाला तरी मी सुटत नाही. माझा पत्ता बदलला तर तीस दिवसांत कळवायचं. सुटका कधी? ती नागरिक झाली की, किंवा तिच्या कामाच्या चाळीस तिमाही भरल्या की, किंवा ती देश कायमची सोडून गेली की, किंवा आमच्यातलं कोणी वारलं की. पतसंस्थेत कर्ज तुम्ही न बघितलेल्या धंद्यासाठी होतं. इथे माणूस मी दहा वर्षं जिना चढता-उतरता बघितलाय. शिवाय नर्सला या शहरात काम मिळणार नाही, असा दिवस आला तर आपल्या सगळ्यांनाच घरी यावं लागेल.

या महिन्याच्या सुरुवातीला मुलाखत झाली. गेल्या आठवड्यात कार्ड पोस्टाने आलं, दहा वर्षांचं. नवऱ्याबरोबर संसार चालू असला तर तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज. म्हणजे माझी जामीनकी तेवढीच, निदान हिशेब तसा आहे.

तिच्या आई-वडिलांचं मात्र काहीच हललेलं नाही. वडील सहासष्टचे, अजून हॉटेलच्या भटारखान्यात उभे असतात. उद्या ती नागरिक होऊन त्यांच्यासाठी अर्ज करेल, पण तेही चालतच आलेले, त्यांना बाहेर जावं लागेल आणि दहा वर्षांचं कलम लागेल. त्याला माफी आहे, पण नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या नवऱ्या-बायकोला किंवा आई-वडिलांना होणारा त्रासच त्यात धरतात. मुलांना होणारा त्रास धरत नाहीत. हे कलम लिहिणाऱ्याला लेकी नसाव्यात. आधीच्या काळात एका एजंटाने 'मी वकीलच' म्हणून त्यांच्याकडून पैसे घेऊन भलताच अर्ज लावून ठेवला होता. तो निस्तरायचा का तसाच पडू द्यायचा, यावर वकीलबाई अजून विचार करताहेत. निवडणूक आठवड्यावर आलीये आणि टीव्हीवर दोन्हीकडून सीमा सोडून दुसरा विषय नाही. ते दोघं टीव्ही लावत नाहीत.

आय-८६४ ची प्रत सोबत जोडली आहे. जाड भिंग घेऊन बसा. आठव्या भागात कराराची कलमं आहेत. त्यातलं एखादं मी चुकीचं वाचलंय असं वाटलं तर रविवारी फोन आईकडे न देता मलाच सांगा. आणि आईच्या गुडघ्याचा एक्स-रे झाला असेल तर रिपोर्टचा फोटो पाठवा, ग्रुपवर नको, मला वेगळा.

तुमची,
चिमी