नव्या कॉम्प्युटरसाठी ओईएम घ्यायचं की रिटेल: दादा-वहिनीला पत्र

म्युनिक, १७ जानेवारी २०२६

ती. दादा आणि वहिनी,

सा. न. वि. वि.

वहिनीने पाठवलेलं कोटेशन नीट वाचलं. वहिनीच्या ऑफिससाठी दोन कॉम्प्युटर आणि चिरंजीवांसाठी सुटे भाग जोडून केलेलं एक असेंबल्ड मशीन. विंडोजच्या ओळीत दुकानदाराने तीन पर्याय लिहिलेत: ओईएम (म्हणजे कॉम्प्युटर बनवणाऱ्याने मशीनसोबत दिलेलं), त्याहून बरंच महाग रिटेल (म्हणजे ग्राहकाने स्वतंत्र विकत घेतलेलं), आणि खाली पेनने ‘फक्त की, ४५० रु.’, म्हणजे विंडोज चालू करायचा नुसता कोड. दादा, तुझा प्रश्न होता की आत विंडोज तेच असेल तर जास्त पैसे कशाला मोजायचे. व्हॉट्सॲपवर दोन ओळींत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून सवडीने लिहायला बसले.

आधी निर्णय सांगते. ऑफिसची दोन्ही मशीन ब्रँडेड घ्या आणि त्यांच्यासोबत येणारं ओईएम विंडोज प्रो घ्या. पोराच्या असेंबल्ड मशीनला रिटेल होम घ्या. (होम ही विंडोजची घरगुती आवृत्ती, प्रो ही कामधंद्याची.) आणि ती ४५० रुपयांची की कुठल्याच मशीनला नको, अगदी ‘तात्पुरती’ म्हणूनसुद्धा नको.

तुझं एक म्हणणं बरोबर आहे. ओईएम आणि रिटेल यांच्या आतलं विंडोज अगदी तेच असतं. वेग तोच, अपडेट तेच, स्क्रीनवर काही वेगळं दिसत नाही. फरक आहे तो हक्काचा. नौपाड्याचं घर सोडलं तेव्हा भिंतीतलं कपाट तिथंच राहिलं आणि आईचं लोखंडी कपाट टेम्पोत घालून आपण घोडबंदर रोडला आणलं. ओईएम हे भिंतीतलं कपाट. ज्या मशीनवर ते पहिल्यांदा बसलं, त्या मशीनसोबतच ते राहणार. मशीन विकलं तर विंडोजही नव्या मालकाकडे जाणार. मशीन भंगारात गेलं तर लायसनही संपलं. रिटेल मात्र जुन्या मशीनवरून काढून आपल्याच दुसऱ्या मशीनवर नेता येतं. मायक्रोसॉफ्टच्या करारातच तसं लिहिलेलं आहे.

मग ‘तेच मशीन’ कशाला म्हणायचं? सगळी गोम इथे आहे. रॅम वाढवली, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, ग्राफिक्स कार्ड बदललं, तरी ओईएमला धक्का लागत नाही. पण मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड, बदलला की मायक्रोसॉफ्टच्या लेखी ते नवीन मशीन होतं. याला एकच मोठा अपवाद आहे. बोर्ड बिघडला म्हणून त्याच मॉडेलचा किंवा उत्पादकाने त्याच्या बरोबरीचा म्हणून दिलेला बोर्ड बसवला, तर लायसन चालू राहतं. अजून वेगवान हवा म्हणून बोर्ड बदलला, तर नाही.

हा अपवाद आपल्याकडे फार कामाचा आहे. ठाण्यात मदरबोर्ड जाणं ही काही क्वचित घडणारी गोष्ट नाही. जुलैमधला दमटपणा, वीज जाऊन परत येताना बसणारा झटका, कॅबिनेटमध्ये साचलेली रस्त्याच्या कामांची धूळ, हे तुम्ही रोज बघता. ब्रँडेड मशीनवर ऑनसाइट वॉरंटी असेल, तर कंपनीचा इंजिनिअर बोर्ड बदलतो आणि विंडोजची व्यवस्थाही त्याच कामाचा भाग असते. विंडोज ८ आलं त्या वर्षापासून, म्हणजे २०१२ पासून, मोठ्या उत्पादकांच्या मशीनमध्ये प्रॉडक्ट की बोर्डवरच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे बोर्डात कायम भरलेल्या प्रोग्रॅममध्येच, लिहिलेली असते. विंडोज ७ च्या काळातले कॅबिनेटवरचे ते रंगीत स्टिकर आठवतात ना, ज्यांवरचे आकडे दोन वर्षांत पुसले जायचे? त्यांची जागा या पद्धतीने घेतली. म्हणून ब्रँडेड मशीन फॉरमॅट केलं की विंडोज की मागत नाही, बोर्डमधून स्वतःच वाचून घेतं. तीच आवृत्ती टाकायची एवढं मात्र बघायचं. बोर्डमध्ये होमची की असताना प्रो टाकलं तर ते ॲक्टिव्हेट होणार नाही, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून त्याला मान्यता मिळणार नाही.

असेंबल्ड मशीनमध्ये याच अपवादाचा फारसा आधार राहत नाही. सुटे बोर्ड बाजारात फार काळ टिकत नाहीत. प्रोसेसर बोर्डवर ज्यात बसतो ते सॉकेटच कंपन्या बदलतात: एएमडीने २०२२ मध्ये एएम४ नंतरचं एएम५ आणलं, इंटेलनेही २०२४ मध्ये एलजीए १७०० नंतर १८५१ आणलं. आज घेतलेला बोर्ड चार वर्षांनी गेला, तर त्याच मॉडेलचा नवा मिळेलच असं नाही. बरोबरीचा कोण देणार? असेंबल्ड मशीनचा उत्पादक म्हणजे तुमचा दुकानदार. सुट्या पाकिटात मिळणारं जे ओईएम असतं, ते मुळात कॉम्प्युटर जोडून विकणाऱ्यांसाठी काढलेलं आहे. विंडोजबद्दल ग्राहकाला मदत करायची जबाबदारीही त्यात त्या जोडणाऱ्याची असते, मायक्रोसॉफ्टची नसते. आपला दुकानदार सज्जन आहे, बाबांचा प्रिंटर त्याने किती वेळा फुकट दुरुस्त करून दिला. तरी पाच वर्षांनी त्याने दुकान बंद केलं किंवा धंदा बदलला, तर विचारायचं कुणाला? रिटेलवाल्याला मायक्रोसॉफ्टकडे थेट मदत मागता येते.

आणि चिरंजीव काही मशीन घेऊन स्वस्थ बसणाऱ्यातले नाहीत. आज ग्राफिक्स कार्ड, उद्या प्रोसेसर, परवा बोर्ड. मशीन तुकड्यातुकड्याने बदलत राहणाऱ्याला ओईएम घालणं म्हणजे दर बोर्डामागे नवं विंडोज विकत घेणं. त्याला आज रिटेलचे जास्तीचे पैसे घाला. दुसऱ्या बोर्डाच्या वेळी ते वसूल होतील. एवढं मात्र त्याच्याकडून करून घ्या: त्याने स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून लायसन खात्याला जोडून ठेवावं. मग बोर्ड बदलल्यावर सेटिंगमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूटर चालवून ‘हार्डवेअर नुकतंच बदललं आहे’ असं सांगता येतं. आणि रिटेल एका वेळी एकाच मशीनवर चालतं. नव्यावर न्यायचं तर आधी जुन्यावरून काढायचं. जुनं मशीन मित्राला विकताना विंडोज तसंच ठेवून द्यायचं नाही.

आता त्या ४५० रुपयांबद्दल. यावर जरा जास्तच लिहिणार आहे, कारण खरी काळजी मला त्याचीच वाटते. अमेरिकेत रिटेल विंडोज ११ होमची जाहीर किंमत १३९ डॉलरच्या आणि प्रोची २०० डॉलरच्या आसपास आहे. तीच वस्तू साडेचारशे रुपयांत येते तेव्हा ती बहुतेक दुसऱ्याच कुणाच्या वाट्याची असते. एखाद्या कंपनीला शेकडो मशीनसाठी मिळालेली व्हॉल्यूम की, शिक्षणसंस्थेला किंवा प्रोग्रॅमरला चाचणीसाठी दिलेली की, नाहीतर भंगारात गेलेल्या मशीनवरून उतरवून घेतलेली ओईएम की. टाकली की ‘ॲक्टिव्हेट झालं’ असं दिसतं, आणि विकणारा तेच बोट ठेवून दाखवतो. पण ॲक्टिव्हेट होणं आणि लायसन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हॉल्यूम की ठरावीक वेळाच चालते आणि गैरवापर लक्षात आला की मायक्रोसॉफ्ट ती बंद करतं. शिवाय विंडोज प्रोचं व्हॉल्यूम लायसन हे मुळातलं विंडोज आधीच असलेल्या मशीनसाठी असतं. ज्या असेंबल्ड मशीनवर आधीचं काहीच नाही, तिथे ती की कायद्याने उभीच राहत नाही. याहून वाईट म्हणजे लायसनशिवायच विंडोज ॲक्टिव्हेट करून देणारी ‘ॲक्टिव्हेटर’ नावाची फाइल, जी चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. वहिनी, तुझ्या मशीनवर दीडशे घरांचे पॅन, बँक स्टेटमेंट, जीएसटीचे पासवर्ड आहेत, डिजिटल सिग्नेचरचं टोकन त्यालाच लागतं. लोकांनी विश्वासाने दिलेल्या या कागदांशेजारी कुणा अनोळखी माणसाचा प्रोग्रॅम ॲडमिनचे अधिकार देऊन बसवायचा, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

दादा, ‘जर्मनीत अशा की राजरोस मिळतात, तिथून एक पाठव’ असं तू फोनवर म्हणालास. इथे मिळतात हे खरं आहे, पण त्याचं कारण इथल्या कायद्यात आहे. कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ६ जुलै २००० ला निकाल दिला की ओईएम प्रत एकदा बाजारात आली की ती कॉम्प्युटरशिवाय वेगळी विकायला मायक्रोसॉफ्ट अडवू शकत नाही. पुढे ३ जुलै २०१२ ला युरोपियन न्यायालयाने डाउनलोड केलेलं, कायमच्या लायसनचं सॉफ्टवेअरही पुन्हा विकायला परवानगी दिली, पण विकणाऱ्याने आपली प्रत निकामी केली पाहिजे या अटीवर. म्हणजे इथेही वापरलेलं लायसन घेताना मूळ मालक कोण आणि त्याने आपली प्रत काढली का, हे महत्त्वाचं ठरतं. नुसते पंचवीस आकडे-अक्षरं ईमेलने आली म्हणजे लायसन मिळालं असं इथेही होत नाही. आणि हे निकाल युरोपातले आहेत. नौपाड्यातल्या ऑफिसला ते लागू नाहीत.

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ६३ब आहे. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली, तर कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून फक्त दंड करू शकतं, पण वहिनीचं ऑफिस म्हणजे धंदाच. जी बाई इतरांना ‘बिल पक्कं घ्या’ म्हणून सांगते, तिच्या टेबलावरचं विंडोज बिलाशिवायचं असू नये, असं मला मनापासून वाटतं. बिलाचा हिशेब वहिनीला मी काय सांगणार! १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट, सॉफ्टवेअरसह कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा. साडेचारशेच्या कीचं यातलं काहीच मिळत नाही.

ऑफिसला प्रो का, तर त्यातल्या बिटलॉकर या सोयीसाठी. डिस्क पूर्ण कुलूपबंद राहते. मशीन चोरीला गेलं किंवा डिस्क दुरुस्तीला बाहेर गेली तरी आतले कागद कुणाला वाचता येत नाहीत. त्याची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप अडलं तर उघडायचा कोड, छापून घरच्या कपाटात ठेवा. दुसरं म्हणजे घोडबंदरला ट्रॅफिकमध्ये अडकायचं नसेल त्या दिवशी वहिनी घरून ऑफिसच्या मशीनवर काम करू शकेल. ती रिमोट डेस्कटॉपची सोय ज्या मशीनवर पोचायचं तिथे प्रो असेल तरच मिळते. (ते व्हीपीएनमधूनच, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित खाजगी जोडणीतूनच करायचं, राउटरवर सरळ रस्ता उघडायचा नाही. सेट करताना मी ऑनलाइन असेन.) पोराला प्रोची गरज नाही. लागलंच तर पैसे भरून होमचं प्रो नंतरही करता येतं.

मशीन घरी आलं की पैसे पूर्ण देण्याआधी एक तपासणी करा. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर अशी अक्षरं, एक जागा सोडून तिरकी रेघ, मग डी-एल-आय (म्हणजे slmgr /dli) टाइप करा आणि एंटर दाबा. जी छोटी खिडकी उघडेल त्यात लायसन कुठल्या प्रकारचं आहे ते लिहिलेलं असतं. ब्रँडेड मशीनवर ओईएम दिसलं पाहिजे, पोराच्या मशीनवर रिटेल. कुठेही ‘व्हॉल्यूम’ हा शब्द दिसला तर दुकानदाराला तिथल्या तिथे विचारा. मात्र रिटेल असं दिसलं म्हणून सगळं झालं असं नाही, बिलावरही तसं स्पष्ट लिहून घ्या.

राहिला बाबांचा लॅपटॉप. तो बदलायची घाई करू नका. त्यातलं विंडोज १० ओईएम आहे आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून दुकानदार नवा घ्या म्हणतोय. पण त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप असेल आणि प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असेल, तर विंडोज ११ फुकट चढतं. लायसन ओईएमच राहतं, नवं काही विकत घ्यावं लागत नाही. तसं नसेल तर बाबांना मायक्रोसॉफ्ट खातं उघडून सेटिंगचा बॅकअप चालू करून दिला की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट पैसे न भरता मिळतील. पेन्शनचं आणि बँकेचं बाबा त्यावरच बघतात, तेव्हा हे एवढ्यात करूनच टाकू. पुढच्या रविवारी तुमच्या संध्याकाळी सहाला फोन करते, इथे दुपारचा दीड वाजलेला असेल. तोवर लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेवा आणि बाबांचे सगळे फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या.

आई-बाबांना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी