कंडक्टरलाही शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलांच्या तस्करीविषयी पोलिसांना, शिक्षकांना, अंगणवाडी सेविकांना प्रशिक्षण दिल्याच्या बातम्या अधूनमधून वाचतो आणि दर वेळी मला चोर्ला घाटातली एक फेरी आठवते.

बेळगाव-पणजी गाडीवर मी बरीच वर्षे कंडक्टर होतो. त्या दिवशी मागच्या बाकावर एक माणूस आणि दोन मुली होत्या. त्यानं दोन्ही हाफ मागितली. थोरली बारा वर्षांच्या वरची दिसली म्हणून तिलाच वय विचारलं, तर उत्तर त्यानं दिलं. नाव विचारलं, तेही त्यानंच सांगितलं. दोघींच्या पिशव्या त्याच्या मांडीवर. धाकटीच्या पायात नव्या चपला, तळाला किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली. मी एक फुल, एक हाफ दिलं आणि पुढं सरकलो. साखळीला तिघं उतरली.

तो त्यांचा सख्खा मामाही असेल. पण शंका आली तर कुणाला सांगायचं, हे मला नोकरीत कुणी कधी सांगितलंच नव्हतं. चेकिंगला एक तिकीट कमी भरलं की मेमो मिळायचा, तेवढं पक्कं ठाऊक होतं. परतीच्या वाटेवर गोव्याच्या दारूसाठी पिशव्या उघडल्या जायच्या. पोरांकडं बघा, असं कुणी म्हणालं नाही. कणकुंबीचा नाका वाटेतच होता, तिथं गाडी थांबवून दोन शब्द बोलता आले असते. ते राहून गेलं, याची टोचणी अजून आहे.

म्हणून ड्रायव्हर-कंडक्टर, स्टँडवरचे रिक्षावाले, हमाल, लॉजवर काम करणारी माणसं यांनाही शिकवा. मुलाला सोबतच्या माणसासमोर खोदून विचारायचं नाही. शाळा कुठली, उतरून कुणाकडं जायचं, एवढंच सहज विचारायचं. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला किंवा ११२ या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन करायचा. सापडलेल्या मुलाला चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढं, म्हणजे अशा मुलांच्या सांभाळाचा निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीपुढं, न्यावं लागतं, हे माहीत असायला हवं. मुलाचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, कायद्यानं त्याला बंदी आहे. आणि गाडीत आरडाओरडा तर मुळीच नको. जुलै २०१८ मध्ये मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून धुळ्याच्या राईनपाड्यात जमावानं पाच निरपराध माणसं मारली. त्याच महिन्यात बिदर जिल्ह्यातही एका तरुणाचा तसाच जीव गेला. न शिकवता नुसतं ‘लक्ष ठेवा’ म्हटलं तर हेच होणार.

हे शिकवणं कन्नडबरोबर मराठीतही व्हावं. खानापूर, निपाणीकडची घाबरलेली पोर तिच्या घरच्या भाषेतच तोंड उघडेल.

नव्या कंडक्टरला तिकिटाचं मशीन शिकवतात, त्याच दिवशी यासाठी दोन तास काढावेत. बोलायला माणूस हवा असेल तर जिल्ह्यातल्या कुठल्याही डेपोत मी स्वतःच्या खर्चानं येईन.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर
शहापूर, बेळगाव